कॅनव्हासचं हूड आणि धुण्याचा सोडा

ईरा आणि नील,

तुमच्या बाबानं काल फोटो पाठवला. जुनी पिकअप घेतली आहे, मागच्या हौद्यावर कॅनव्हासचं हूड आहे आणि त्यात तुम्ही दोघं पाय सोडून बसला आहात. सुट्टीत त्यातच झोपायला जाणार, असं ईरानं खाली लिहिलं आहे. फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या पायांशी एक बादली होती आणि बादलीत पांढरा फेस होता. म्हणून हे आजच लिहायला बसले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुमचा बाबा "हो आई, हो आई" म्हणतो आणि स्वतःला हवं तेच करतो. त्याला सांगा, फेस ओतून टाक. साधं पाणी, मऊ ब्रश आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर, एवढंच हुडाला लागतं. असं का, ते सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

इथे आज सकाळपासून आभाळ भरून आलं आहे. सोलापूरचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही, कारण तुम्ही येता तेव्हा डिसेंबर असतो. आमचे जून-जुलै बहुतेक कोरडेच जातात. ढग येतात, वारा सुटतो, वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत की नाही एवढाच प्रश्न पडतो आणि ढग पुढे निघून जातात. खरा पाऊस येतो तो गणपती बसल्यावर. तो आडवा येतो, दुपारी चारला येतो, आणि आला की तास-तासभर खाली बघत नाही, वर बघत नाही. आज त्याची चिन्हं दिसली आणि मला तो एक पावसाळा आठवला. ईरा तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. नील नव्हताच.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी शाळेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं आणि प्रयोगशाळा सांभाळली. प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी, प्रत्येक परीक्षानळी उलटी करून आपापल्या जागी. किल्ल्या सोपवून घरी आले आणि पहिल्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता माझे हात रिकामे झाले. मसाल्याचे डबे दोनदा लावले. पुस्तकं उंचीनुसार लावली, मग विषयानुसार, मग पुन्हा उंचीनुसार. तुमचे आजोबा माझ्याकडे जरा भीतीनंच बघत होते.

आजोबांची तेव्हा पांढरी पिकअप होती. भवानी पेठेतल्या मागांवरून टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे उचलायचे आणि नातेपुत्याच्या, सांगोल्याच्या दुकानदारांना पोचवायचे, हे त्यांचं काम. परतीला कधी सांगोल्याची डाळिंबं असायची. हौद्यावर लोखंडी कमानी होत्या आणि त्यांवर शेवाळी रंगाचं जाड कॅनव्हासचं हूड. कडेनं पितळी रिंगा, रिंगांतून ओवलेली दोरी. त्या हुडाखाली शिरलं की एक वेगळाच वास यायचा: जवसाचं तेल, मेण, तापलेलं सूत आणि कुठेतरी खोल गेलेलं डाळिंब. उन्हात आतला उजेड हिरवट व्हायचा, तळ्यात बुडी मारून डोळे उघडावेत तसा. तुमच्या बाबानं लहानपणी त्या उजेडात बसून पाढे पाठ केलेत. विचारा त्याला.

दर मे महिन्यात आजोबा ते हूड उतरवायचे. कोरड्या केरसुणीनं धूळ झटकायची, साध्या पाण्यानं पुसून काढायचं, जिथे मेण झिजलंय तिथे पुन्हा चोळायचं, पुन्हा कमानींवर चढवायचं. आणि मग एका रविवारी दुपारी मल्लेशमकाका यायचे.

मल्लेशमकाका म्हणजे ज्यांचे गठ्ठे आजोबांच्या गाडीत सर्वांत जास्त जात, ते विणकर. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखं मराठी, आणि मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणतात. ते हुडाच्या आत शिरून मांडी घालून बसायचे. आजोबा बाहेर स्टुलावर उभे राहून बागेच्या झारीनं वरून पाणी ओतायचे. आतून मल्लेशमकाका ओरडायचे, "हितं एक थेंब आला," आणि कॅनव्हासवर पेन्सिलनं खूण करायचे. ज्याचा माल, त्यानंच आत बसायचं, असा त्या दोघांचा नियम होता. त्यामुळे मल्लेशमकाका गठ्ठ्यांना प्लॅस्टिक गुंडाळत नसत. "मालकांच्या गाडीला प्लॅस्टिक लावायचं म्हंजे भरवसा न्हाय असं त्यांच्या तोंडावर बोलायचं," असं म्हणायचे.

माझ्या निवृत्तीच्या त्या मे महिन्यात आजोबा चार दिवस सांगोल्याला भावाकडे गेले होते. अंगणात हूड उतरवून ठेवलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. डिझेलची काजळी, पाखरांची घाण, डाळिंबाच्या रसाचे तपकिरी ओघळ. चौतीस वर्षांत असं टेबल मी एका मुलीलाही सोडू दिलं नव्हतं.

मी पाणी उकळलं. त्यात धुण्याचा सोडा घातला, मोजून. मग साबणाची पूड. घासायचा कडक ब्रश घेतला आणि दोन दिवस, सकाळचं ऊन चढायच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी, ते हूड घासलं. पाणी आधी काळं गेलं, मग पिवळट, मग त्यावर तेलकट तवंग दिसला. तो तवंग मी पाहिला. समाधानानं पाहिला, हे तुम्हाला सांगायला हवं. किती घाण होती बघा, असं मनात म्हणाले.

आजोबा परत आले तेव्हा हूड कमानींवर चढलेलं होतं, नव्या पानासारखं फिकट हिरवं. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"बाई, तुमची शाळा सुटली आणि माझी गाडी धरली व्हय?"

"कसं झालंय ते सांगा."

"लई भारी झालंय. आता ही नवरीसारखी गाडी मातीत घालू कशी, सांगा."

त्यांना खरंच आवडलं होतं. आणि म्हणून, मल्लेशमकाका रविवारी झारी कुठे आहे विचारायला लागले तेव्हा आजोबा म्हणाले, "यंदा न्हाय. बाईंनी स्वतः केलंय, त्यात आपण काय बघायचं? बसा, चहा घ्या." ते चहा पिऊन गेले.

मग कोरडा जून आणि कोरडा जुलै. हुडावर धूळ बसली, वाऱ्यानं गेली. ऑगस्टातही दोन-चार शिंतोड्यांपलीकडे काही नाही. मी दुपारी इंग्रजी कादंबऱ्या वाचायला लागले होते आणि माझी घडी बसत होती.

मल्लेशमकाकांचंही त्या वर्षी नवं काही चाललं होतं. आयुष्यभर ते दुसऱ्याच्या नक्षीचा माल विणत आले. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी स्वतः काढलेल्या नक्षीच्या चादरी विणल्या. लाल जमीन आणि कडेनं पांढऱ्या हंसांची रांग. एक चादर मला दाखवायला घेऊन आले आणि बाजेवर पसरून लांब उभे राहिले. हंसांच्या माना जरा आखूड होत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "अक्का, आमच्या हंसाला मागाच्या खाली वाकून जावं लागतंय." नातेपुत्याच्या एका दुकानदारानं नमुन्याला म्हणून दोन गठ्ठे मागवले होते. ते विकले गेले तर दिवाळीचा सगळा माल हंसांचा; नाही तर पुन्हा दुसऱ्याचीच नक्षी.

गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी आजोबा ते गठ्ठे घेऊन निघाले. वाटेत चारचा पाऊस लागला. तसा पाऊस त्या हुडानं आधी पन्नास वेळा अंगावर घेतला होता, म्हणून ते थांबले नाहीत. दुकानासमोर हौद्याचं फळकूट खाली केलं आणि त्यांच्या पायावर पाणी आलं. दुकानदारानं गठ्ठा तिथेच फोडला. लाल रंग उतरून हंसांत गेला होता. सगळे हंस गुलाबी.

दुकानदार चांगला माणूस होता, म्हणे. हसला नाही. गठ्ठा बांधून परत दिला.

आजोबा घरी आले ते गाडीतून उतरेनातच. मग उतरून मागे गेले, दोरी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मागची डावी गाठ सैल राहिली असणार आणि तिथून पाणी आत शिरलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मल्लेशमकाकांना जाऊन तेच सांगितलं. पुढच्या आठवड्यात आजोबा गठ्ठे उचलायला गेले तेव्हा मल्लेशमकाका मान खाली घालून म्हणाले, "मालक, यंदा दुसरी गाडी सांगितलीया."

ते दिवस मला अजून नीट आठवतात. पाऊस रोज चारला यायचा आणि गाडी फाटकाशी कडुनिंबाखाली उभी असायची. आजोबा खुर्ची टाकून व्हरांड्यात बसायचे, मांडीवर दोरीचा तुकडा. गाठ मारायचे, ओढून बघायचे, सोडायचे. जेवताना भाकरी चटणीशी लावून खायचे आणि मध्येच थांबायचे. "डाव्या अंगाची," म्हणायचे. "उजवी पक्की हुती." मी म्हणायचे, झालं ते झालं. एरवी मला ते शेंगाचटणीत मीठ कमी पडलं तरी सांगत. ते सांगणंही बंद झालं.

कुठलीतरी शिवण उसवली असेल, असं मला वाटलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आजोबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी हूड रिक्षात घालून गनीभाईंकडे नेलं. गनीभाई रिक्षांची, गाड्यांची हुडं शिवायचे. आमचंही मूळ त्यांनीच शिवलेलं. त्यांनी शिवणी बोटांनी चाचपल्या, सगळ्या. मग गुडघ्यावर कापड ताणून त्यावर पेल्यातलं थोडं पाणी ओतलं. पाण्याचा थेंब क्षणभर उभा राहिला आणि कापडात नाहीसा झाला.

"कपडा पानी पी रा, बाई," ते म्हणाले. "मेण न्हाई ह्याच्यात. सगळं गेलं. साबू लावला काय कुणी? सोडा?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

मुलांनो, सोडा तेलाचं आणि मेणाचं काय करतो ते मी दर वर्षी जुलैमध्ये फळ्यावर लिहून शिकवत आले होते. बादलीवरचा तो तवंग म्हणजे घाण नव्हती. तो हुडाचा जीव होता, आणि मी तो मोरीत सोडला होता. मोजून, वेळ लावून. प्रयोगाचं उत्तर चुकलं तरी आलं तसंच लिहा, खोडायचं नाही, हे मी किती मुलींना सांगितलं त्याचा हिशेब नाही. आणि मी दहा दिवस गप्प बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. व्हरांड्यात यायचे, त्यांच्या मांडीवरची दोरी बघायचे आणि तुळशीला पाणी घालून आत जायचे. स्वतःच्या हातांची एवढी लाज मला तोवर कधी वाटली नव्हती.

शेवटी मी सोपं काम आधी केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लेशमकाकांच्या मागांवर गेले. पत्र्याखाली चार माग एकदम चालू. तिथे माणूस बोलत नाही, ओठ वाचतो. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगायला लागले. ते हातानं खूण करत होते, ऐकू येत नाही. मी आवाज चढवला. शिक्षिकेचा आवाज कसा असतो ते तुमच्या बाबाला माहीत आहे. "हूड मी धुतलं" इथपर्यंत आले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि "सोडा मीच घातला" असं ओरडले, त्या क्षणी लाईट गेली.

चारही माग थांबले. माझं वाक्य पत्र्याला लागून परत आलं. कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोन बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

मल्लेशमकाकांनी भुवईवरचा कापूस पुसला. "अक्का, आधीचं कायबी ऐकू आलं न्हाय. शेवटचं तेवढं सगळ्या पेठेनं ऐकलं."

मग मी खाली बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मल्लेशमकाका कांडीवरचा दोरा उलगडत बसले.

"मालकांना सांगितलं?"

"नाही."

"आधी तिकडं सांगायचं हुतं की. ते तीनदा आले हितं. दोरी घेऊन. 'अशी बांधली हुती, बघ मल्लेशम, अशी,' म्हणून ह्या खांबाला बांधून दाखवली."

तो खांब मी पाहिला. लोखंडी, तेलकट, साधा खांब. मला त्याच्याकडे फार वेळ बघता आलं नाही.

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" ते म्हणाले. मग दोरा ठेवून दिला. "अक्का, लाल रंग कच्चा हुता. नवीन सूत घेतलं, एकदा धुऊन बघायचं ते बघितलं न्हाय. घाई केली. पक्का रंग असता तर भिजून वाळलं असतं, हंस पांढरेच राहिले असते. मालक गाठ दाखवत हुते आणि मी गप बसून बघत हुतो. त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाय म्हणून दुसरी गाडी सांगितली."

म्हणजे चूक माझी होती, चूक त्यांची होती, आणि ज्याची काहीच चूक नव्हती तो माणूस तीन आठवडे दोरी घेऊन बसला होता.

"लाईट काय आता दोन तास येत न्हाय," मल्लेशमकाका उठत म्हणाले. "चला. दोघं जाऊ."

आम्ही पायीच आलो. आजोबा व्हरांड्यातच होते. आम्हाला एकत्र बघून उभे राहिले, खुर्ची मल्लेशमकाकांकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसले. मी उभ्यानंच सांगितलं, पाढा म्हणावा तसं, एका दमात. माझ्यामागून मल्लेशमकाकांनी त्यांचं सांगितलं.

मला वाटलं, आजोबा आता चिडतील. चिडायला हवंच होतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "गाठ बरोबर हुती."

"हुती," मल्लेशमकाका म्हणाले.

"डावी?"

"डावी बी."

त्यांनी एक श्वास सोडला. तसा श्वास मी त्यांचा फक्त तुमच्या बाबाच्या जन्माच्या वेळी, दवाखान्याच्या दारात ऐकला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, चहा टाका. साखर मी घालतो. तुमी मोजून घालताय, त्यानंच घोटाळा होतोय."

तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढंच. मला ते त्यावरून पुढे कधी बोलले नाहीत. मात्र आजही घरात काही नवं चकचकीत दिसलं की विचारतात, "हे कशानं पुसलंय?"

ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे मे महिन्यासारखंच असतं. त्या उन्हात आम्ही हूड पुन्हा घडवलं. गनीभाई मेण थेट चुलीवर वितळवायचे. मी म्हटलं, तसं नाही, भडका उडेल. पातेल्यात पाणी तापवा, त्यात मेणाचा डबा ठेवा, आणि विस्तवावरून उतरवल्यावरच तेल घाला. त्यांनी मान हलवली. "बाई, ह्या बाबतीत तुमचं ऐकतो. साबूच्या बाबतीत तुमी माझं ऐका." ताणून बांधलेल्या कॅनव्हासवर कोमट मेण जुन्या सुती फडक्यानं चोळत जायचं, उभं मग आडवं. कापडाचा रंग बोटांखाली गडद होत जातो. मनगटं भरून येतात. तळव्यांना तो वास दिवाळीच्या उटण्यापर्यंत टिकला.

चौथ्या दिवशी हूड कमानींवर चढलं. आजोबा झारी घेऊन स्टुलावर. मल्लेशमकाका आत शिरले आणि आतून म्हणाले, "अक्का, तुमीबी या. माल माझा, पण धुणं तुमचं." मी पदर खोचून आत जाऊन बसले. तोच हिरवा उजेड. वर पाण्याचा आवाज, ताशावर बोटं फिरवल्यासारखा. कॅनव्हासच्या पलीकडून आजोबांची सावली.

"आलं का?" सावलीनं विचारलं.

"न्हाय आलं."

"आता?"

"घाला की आजून. झारीत पानी हाय का नुसता वारा?"

"मल्लेशम, दिवाळीला काय पाठवणार हायस?"

वरून पाणी ओघळून चाकांशी पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मल्लेशमकाका माझ्याकडे बघत नव्हते, वर बघत होते.

"हंसच," ते म्हणाले. "सूत दोनदा धुतलंय. माना लांब केल्यात. नातेपुत्याचा दुकानदार घेतो म्हणलाय."

"मग कवा भरायचं?"

"उद्या सकाळी या."

झारी पुन्हा भरून आली आणि पाणी पहिल्यापेक्षा जोरात पडायला लागलं. एका कोपऱ्यात, कमानीपाशी, एक थेंब आला. मी पेन्सिल घेऊन खूण केली.

तर ईरा, नील, तुमच्या हुडाचं कापड कदाचित वेगळं असेल. तिकडच्या कॅनव्हासला काय लावतात ते बाबानं माहितीपत्रकात वाचावं. त्याला वाचायची सवय नाही, तर ईरानं वाचून दाखवावं. ओलं असताना घडी घालू नका, बुरशी धरते. कोपरे आधी झिजतात, तिथे बघत जा. आणि जे कुणी धुईल, त्यानं पाऊस येण्याआधी आत बसून बघावं. बाहेर दुसऱ्या कुणीतरी पाणी ओतावं. एकट्यानं हे जमत नाही.

हे लिहीत असताना आजोबा दोनदा येऊन विचारून गेले, गाठीचं लिहिलंत का. लिहिलं आहे.

गनीभाईंचं दुकान आता बंद आहे. मल्लेशमकाकांच्या चार मागांपैकी दोन चालतात. आजोबांना संध्याकाळी नीट दिसत नाही, म्हणून गाडी मल्लेशमकाकांचे जावई चालवतात. हूड त्याच गाडीवर आहे, सहा ठिगळांचं, आणि मे महिन्यात ते आमच्याच अंगणात उतरतं. आजोबा आणि मल्लेशमकाका रोज दुपारी व्हरांड्यात बसून बोलतात, बहुतेक वेळा माझ्याविषयी.